दवाखान्यातली सही

मागच्या वेळी खडेबाजारातल्या जुन्या पेढ्यांवर लिहिलं होतं, ते आवडल्याचं बऱ्याच जणांनी फोन करून सांगितलं. यावेळचा विषय वेगळा आहे. त्यात आपल्या बेळगावचं थोडं, पुण्याचं बरंच आणि माझ्या घरचं एक आहे. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात घरातूनच करतो. दोन वर्षांपूर्वी सौ.चे गुडघे दाखवायला आम्ही एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, दोन्ही गुडघे बदलावे लागतील म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सगळं मिळून पाच मिनिटं. बाहेर काउंटरवरच्या मुलीनं एक फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "काका, इथं सही करा, तारीख धरून ठेवते." माझी ३६ वर्षं बँकेत गेली. कागद समोर आला की हात आपोआप खिशातल्या पेनाकडं जातो. पेन उघडलं सुद्धा. तेवढ्यात सौ. म्हणाली, "अहो, गुडघा माझा आहे की. सही तुम्ही का करताय?"

मुलगी हसली, मीही हसलो. पेन बंद केलं. पण त्या रात्री झोप आली नाही. असंच एक वाक्य मला १९८७ साली ऐकायला हवं होतं, आणि ते जिनं बोलायचं ती तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर बेशुद्ध होती. ते पुढं सांगतो. मध्ये थोडा इतिहास आहे, कारण मला हे सगळं कळलं ते इतिहासाच्या वाटेनं.

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याकडं काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी झाली. गावभर रोषणाई, काँग्रेस विहिरीपाशी गर्दी, वीरसौधाची रंगरंगोटी, तुम्ही सगळ्यांनी बघितलंच. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत भरलेलं ते अधिवेशन. गांधीजी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हेच. लहानपणापासून हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की पुढं काही विचारावंसंच वाटायचं नाही. पण शताब्दीच्या निमित्तानं वाचायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की त्याच वर्षाच्या जानेवारीत हा माणूस पुण्याला मरणाच्या दारात होता. बेळगावला आले ते पोटावर ऑपरेशनची खूण घेऊन, अकरा महिन्यांनी.

झालं असं. राजद्रोहाच्या खटल्यात मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि ते येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारी १९२४ मध्ये पोटात दुखू लागलं. अपेंडिक्स सुजलं होतं. कर्नल मॅडॉक म्हणून पुण्याचे सिव्हिल सर्जन होते, त्यांनी १२ जानेवारीला त्यांना ससून रुग्णालयात हलवलं. रात्रीतच कापावं लागणार असं ठरलं.

आता मॅडॉकसाहेबांची अडचण बघा. पेशंट सरकारचा कैदी, आणि सगळा देश ज्याच्या मागं उभा आहे असा कैदी. त्या काळी पोट उघडणं म्हणजे जिवाशी खेळच, अजून पेनिसिलीन यायचं होतं. टेबलावर काही बरंवाईट झालं असतं तर इंग्रज डॉक्टरनं मारलं म्हणून गावोगाव आग लागली असती. म्हणून गांधीजींना विचारण्यात आलं की तुमच्या विश्वासाचे डॉक्टर कोण, कुणाला बोलवायचं? डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना गाठायचे प्रयत्न झाले. हे जीवराज मेहता म्हणजे पुढं १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले तेच. पण दोघांपैकी कुणी वेळेत पोचण्यासारखं नव्हतं आणि थांबायला सवड नव्हती. मग साक्षीला पुण्यातलंच माणूस बोलावलं, भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री. गांधीजींचं आणि त्यांचं राजकारणात पटत नसे. असहकाराला शास्त्र्यांचा उघड विरोध होता. तरी त्या रात्री त्यांनाच बोलावलं. पुण्याचे डॉ. फाटकही होते.

शास्त्र्यांनी त्या रात्रीची हकीकत लिहून ठेवली आहे. एक निवेदन तयार झालं. मला माझे डॉक्टर बोलवायची मुभा दिली होती, आतापर्यंत माझी काळजी नीट घेतली गेली, कर्नल मॅडॉकवर माझा विश्वास आहे, ऑपरेशन त्यांनी ताबडतोब करावं अशी माझी इच्छा आहे, असा मतलब. ते वाचून दाखवलं. मॅडॉकना आत बोलावून त्यांनाही ऐकवलं. मग गांधीजींनी पडल्या पडल्या गुडघे वर घेतले, त्यावर कागद ठेवला आणि पेन्सिलीनं सही केली. हात इतका थरथरत होता की इंग्रजी सहीतल्या शेवटच्या आय अक्षरावरचा ठिपका द्यायचा राहिला, असं शास्त्र्यांनी नोंदवलंय. गांधीजी डॉक्टरांना म्हणाले, बघा माझा हात कसा कापतोय, हे तुम्हाला सुधारावं लागेल. मॅडॉक म्हणाले, टनांनी ताकद भरू की.

ठिपक्याचं वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. बँकेत मी किती वर्षं नमुना सहीचं कार्ड आणि चेकवरची सही शेजारी शेजारी धरून बघत होतो. ठिपका नसलेली सही माझ्या टेबलावर आली असती तर मी 'सही जुळत नाही' असा शेरा मारून परत केली असती. पण जगातल्या कुठल्याही फॉर्मवरच्या सहीपेक्षा ती पक्की होती, कारण सहीच्या आधी पेशंटशी बोलणं झालं होतं. काय झालंय, काय करणार, कोण करणार, दुसरं कुणी हवंय का, हे सगळं. आणि मजा अशी की ही सगळी काळजी मुळात सरकारनं स्वतःच्या बचावासाठी घेतली होती. कैद्याच्या हक्काचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता.

ऑपरेशन चालू असताना वीज गेली. नर्सच्या हातातली बॅटरीही विझली. शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकलं. ५ फेब्रुवारीला सरकारनं शिक्षा माफ करून त्यांना सोडलं. ससूनमधली ती खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. मी अजून पाहिलेली नाही.

ज्यांनी 'हिंद स्वराज्य'मध्ये १९०९ साली डॉक्टरांवर आणि इस्पितळांवर सडकून टीका केली त्यांनीच चाकूखाली जायची परवानगी दिली, यावर त्या वेळी पुष्कळ टोमणे पडले. असोत. मला त्यांचंच आणखी एक प्रकरण आठवलं, जे शाळेत आम्हाला 'सत्याचे प्रयोग'मधून सांगितलं होतं पण भलत्याच तात्पर्यासाठी. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा खूप आजारी होत्या. डर्बनच्या डॉक्टरांकडं त्यांचं ऑपरेशन झालं, तेही क्लोरोफॉर्म न देता, कारण अंगात तेवढी ताकद नव्हती. गांधीजी जोहान्सबर्गला गेले असताना डॉक्टरांचा फोन आला, अशक्तपणा फार आहे, गोमांसाचं सार द्यायचंय, परवानगी द्या. गांधीजी म्हणाले, ती बोलण्याच्या स्थितीत असेल तर तिलाच विचारा. डॉक्टर म्हणाले, पेशंटला विचारत बसणार नाही, तुम्ही या. गांधीजी पोचले तर डॉक्टरांनी सांगितलं, दिलंसुद्धा. ही फसवणूक झाली म्हटल्यावर डॉक्टरांचं उत्तर असं की, पेशंटचा जीव वाचत असेल तर त्याला किंवा त्याच्या माणसांना फसवणं आम्ही डॉक्टर लोक पुण्याचं समजतो.

हे डॉक्टर वाईट नव्हते बरं का. गांधीजींचे मित्र होते, आणि त्यांनी मनापासून सेवा केली होती. गांधीजींनी मग कस्तुरबांना विचारलं. त्यांनी ठाम नकार दिला. तशा अवस्थेत, पावसात, त्यांना रिक्षातून स्टेशनावर आणि तिथून रेल्वेनं फिनिक्स आश्रमात नेलं. त्या बऱ्या झाल्या. शाळेत गुरुजींनी तात्पर्य सांगितलं ते शाकाहाराचं. माझ्या मते खरी गोष्ट एवढीच की तिघांमध्ये ज्या बाईचं पोट होतं तिला विचारायचं शेवटी सुचलं, आणि तिला उत्तर ठाऊक होतं.

पण याच कस्तुरबांचं शेवटचं दुखणं बघा. १९४२ पासून सगळे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत. हृदयाचा आजार, श्वास लागायचा. कस्तुरबांनी स्वतः सांगितलं होतं की मला वैद्याचं औषध हवंय. सरकारनं परवानगीला इतके दिवस लावले की बस. शेवटी लाहोरचे पंडित शिव शर्मा आले, तर त्यांना रात्री आत राहायला मनाई. पेशंटला रात्रीच जास्त त्रास, म्हणून हा एवढा मोठा वैद्य फाटकाबाहेर मोटारीत झोपायचा. मग धाकटे चिरंजीव देवदास यांनी पेनिसिलीन मिळवलं. ते औषध तेव्हा अगदी नवीन, विमानानं आणवलं. दर काही तासांनी इंजेक्शन द्यायचं आहे असं कळल्यावर गांधीजी मुलाला म्हणाले, आता तिला सुया टोचून त्रास का देतोस? देवदासनी आग्रह सोडला. २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या गेल्या.

पेनिसिलीननं काही झालं असतं का, यावर वाद घालणारे अजून आहेत. हृदय आणि मूत्रपिंडं थकलेली असताना त्याचा कितपत उपयोग, हे डॉक्टर लोकांनी बोलावं. मला टोचलं ते दुसरंच. डर्बनला 'तिलाच विचारा' म्हणणारा नवरा इथं मुलाशी बोलून ठरवतो. ती त्या वेळी उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हती म्हणा. पण बहुतेक घरांत हे असंच होतं. खाटेवरचं माणूस गप्प झालं, की सभोवारची माणसं व्हरांड्यात जाऊन सभा भरवतात.

अशी एक सभा मी स्वतः भरवली होती.

१९८७. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आईच्या छातीत गाठ लागली. तिनं ती दोन-तीन महिने कुणाला सांगितली नाही, मग माझ्या बायकोला सांगितली. आमच्या भागात तेव्हा मोठं दुखणं म्हटलं की घरातले थोरले म्हणत, मिरजेला न्या. वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल बांधलं तेव्हापासूनचा तो वहिवाटीचा रस्ता. आम्ही कुठं नेलं ते गाव आणि दवाखाना सांगत नाही, कारण चूक त्यांची कमी आणि माझी जास्त होती.

सर्जननी मला, काकांना आणि मेव्हण्यांना बाहेर बोलावलं. सांगितलं, गाठ काढून लगेच तपासू. वाईट निघाली तर त्याच वेळी पूर्ण स्तन काढावा लागेल. उशीर करू नका. त्या काळची ही सर्रास पद्धत होती, भूल एकदाच द्यायची आणि सगळं एका बैठकीत उरकायचं. सर्जननी एक वाक्य विचारलं, ते मला अजून ऐकू येतं. "आईंना कल्पना द्यायची का?" आणि मी म्हणालो, "नको डॉक्टर, घाबरेल. गाठ काढणार एवढंच सांगूया." काकांनी मान हलवली. थोरला मुलगा म्हणून फॉर्मवर सही मी केली. इंग्रजी मजकूर होता, मला इंग्रजी येत होतं, तरी मी वाचला नाही. ग्राहकांना आम्ही सांगायचो, वाचल्याशिवाय सही करू नका.

गाठ वाईट निघाली.

आई शुद्धीवर आल्यावर पहिले दोन दिवस पट्ट्यांमुळं तिला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला नर्सनं पट्ट्या सोडल्या तेव्हा कळलं. मी बाहेर होतो. आत गेलो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "गाठ म्हणाला होतास."

बस, तेवढंच. नंतर ती कधी काही बोलली नाही, रागावली नाही, आणि पुढं सहा वर्षं जगली. म्हणजे ऑपरेशन बरोबर होतं. तिला आधी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती का? बहुतेक नसती म्हणाली. पण धाकटीचे दिवस भरत आले होते, ते बाळंतपण आटपून जाईन असं ती कदाचित म्हणाली असती. एकदा कोल्हापूरला अंबाबाईची ओटी भरून येते म्हणाली असती. आठ-दहा दिवसांचा प्रश्न होता. तेवढ्यानं दुखणं फार पुढं गेलं असतं असं मला वाटत नाही. तिच्या त्या आठ-दहा दिवसांचा हिशेब मी परस्पर मिटवला.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी तिला आमच्या शाखेत आणलं होतं. तिच्या बचत खात्यातून पाचशे रुपये काढायचे होते. वडिलांच्या पैशातून काढलेलं तिच्या एकटीच्या नावाचं खातं. स्लिप मी भरली आणि पेन तिच्या हातात दिलं. चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर ठेवत सही करायची. अर्धी सही झाल्यावर थांबली आणि विचारलं, "ह्याला माझीच सही लागते होय?" मी म्हटलं, "हो की, खातं तुझं आहे." तिनं माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि उरलेली सही पूर्ण केली.

शेजारी कॅशियर उभा होता, त्याला काही कळलं नाही. मला कळलं.

आमच्या बँकेची रीत साधी होती. मुलगा असो, नवरा असो, अधिकारपत्र नसेल तर दुसऱ्याच्या खात्यातून रुपया काढता येत नाही. लिहिता-वाचता न येणारा ग्राहक असला तर मजकूर त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, समजावायचा, मग अंगठा घ्यायचा, साक्षीदार ठेवायचा आणि 'वाचून दाखवला, समजला' असं खाली लिहायचं. खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कागदांवर मी अशी शेकडो प्रमाणपत्रं लिहिली असतील. आणि शरीराच्या बाबतीत?

निवृत्त झाल्यावर सर्क्युलरं वाचायची खोड गेली नाही, म्हणून मेडिकल कौन्सिलची २००२ ची नियमावली मुद्दाम मिळवून वाचली. ऑपरेशनच्या आधी लेखी संमती घ्यावी असं कलम ७.१६ मध्ये आहे. कुणाची? तर नवऱ्याची किंवा बायकोची, अज्ञान असेल तर आईबापांची किंवा पालकाची, किंवा खुद्द रुग्णाची, जे लागू असेल ते. क्रम बघा. पेशंट वाक्याच्या शेपटीला. बँकेच्या फॉर्मवर खातेदाराचं नाव सगळ्यात खाली छापलं असतं तर आम्ही छापखान्याला परत पाठवला असता. त्याच नियमावलीत एक चांगलंही आहे, पेशंटनं मागितले तर त्याचे कागद ७२ तासांत द्यायचे. हे फार जणांना माहीत नसतं, म्हणून लिहून ठेवतो.

खरा बदल झाला तो कोर्टानं. १३ नोव्हेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टानं पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. त्यावर डॉक्टर मंडळी नाराज झाली आणि फॉर्म लांब झाले, बारीक अक्षरांत. पण माझ्या आईच्या प्रकरणाचा जणू निकालच लागावा असा खटला पुढं आला तो समिरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. मे १९९५ मधली दिल्लीची गोष्ट. ४४ वर्षांच्या अविवाहित बाई, पाळीच्या त्रासासाठी गेल्या. दुर्बिणीनं तपासणी करायची म्हणून भूल दिली. आत आजार जास्त दिसला. डॉक्टर बाहेर आल्या, बसलेल्या म्हाताऱ्या आईला सांगितलं, आईनं संमती दिली, आणि गर्भाशय व अंडाशय दोन्ही काढली. लेक टेबलावर बेशुद्ध, आणि होकार आईचा. आमच्याकडं याच्या उलट झालं होतं, एवढाच फरक.

निकाल १६ जानेवारी २००८ ला लागला, न्यायमूर्ती रवींद्रन यांनी लिहिलेला. सज्ञान आणि शुद्धीत येऊ शकणारा पेशंट असताना, जीव जाण्याची घाई नसताना, आईची संमती ही संमतीच नव्हे. तपासणीचा होकार हा काढून टाकण्याचा होकार नव्हे. उपचार काय आहे, कशासाठी, फायदा काय, दुसरा मार्ग आहे का, मोठे धोके कोणते, आणि नाही म्हटलं तर काय होईल, एवढं पेशंटला सांगितलंच पाहिजे. उपचार वैद्यकीय दृष्ट्या चुकीचा नव्हता आणि हेतू वाईट नव्हता असंही कोर्टानं मानलं, म्हणून भरपाई फक्त २५,००० रुपये आणि डॉक्टरांची फी रद्द. मला ते बरोबर वाटलं. उपचार योग्य होता हे एक, आणि विचारलं नाही हे वेगळं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हे मला वीस वर्षं कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

त्या निकालात न्यूयॉर्कच्या १९१४ च्या एका खटल्याचा आधार दिला आहे. तिथंही एका बाईनं फक्त तपासणीला होकार दिला होता आणि भुलीखाली गाठ काढली गेली. सज्ञान माणसाच्या शरीराचं काय करायचं हे त्यानंच ठरवायचं, हे तत्त्व तिथं सांगितलं गेलं. गंमत म्हणजे ती बाई खटला हरली, हॉस्पिटल धर्मादाय होतं म्हणून. अमेरिकेत पुढं पेशंटला सगळं सांगण्याचा नियम खूप कडक झाला. आपल्या कोर्टानं तेवढा घेतला नाही. आपल्याकडं गरीब पेशंट, गर्दीचे दवाखाने, डॉक्टर सगळं सांगत बसला तर लोक घाबरून उपचारच टाळतील, असा विचार त्यात होता. माझ्या 'घाबरेल' या शब्दाचा मोठा भाऊ म्हणा. मला तो पूर्ण पटत नाही, पण सिव्हिलमधली रांग बघितली की खोडूनही काढता येत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आमच्या कट्ट्यावरचे डॉक्टर मित्र रागावतील. हल्ली काही तरुण डॉक्टर तीन पर्याय, तीन टक्केवाऱ्या फाडफाड सांगतात आणि म्हणतात, तुम्ही ठरवा. हे पण विचारणं नव्हे. जबाबदारी झटकणं झालं. माझा एक बँकेतला सहकारी अशा वेळी सरळ विचारतो, "डॉक्टर, तुमच्या वडिलांना असतं तर काय केलं असतं?" चांगला डॉक्टर या प्रश्नाला उत्तर देतो.

तर सौ.चे गुडघे. तो फॉर्म आम्ही भरला नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांकडं गेलो. मी सवयीनं त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो, तर त्यांनी आपली खुर्ची वळवून सौ.कडं केली आणि मला म्हणाले, "सर, तुम्ही दोन मिनिटं ऐका फक्त." तिला विचारलं, दिवसभर काय करता, जिने किती, कुठं जावंसं वाटतं, कशाचा त्रास सगळ्यात जास्त होतो. मग सांगितलं की व्यायाम, वजन, गोळ्या, इंजेक्शन, ऑपरेशन असे मार्ग आहेत, जिवाला धोका नाही, घाई नाही. तिनं एकच प्रश्न विचारला. "मांडी घालून बसता येईल का?" ते म्हणाले, "दुखणं जाईल, चालता येईल. पण मांडी घालू नका असंच आम्ही सांगतो." ती म्हणाली, "मग मला विचार करू दे."

रात्री पुण्याहून थोरला आणि दुबईहून धाकटा व्हिडिओ कॉलवर. दोघंही एकदम, "आई, दोन्ही करून टाक, पैशाचा विचार करू नको." थोरला मला म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा ना तिला." मी म्हटलं, "मला विचारू नको, तिला विचार." माझ्या आयुष्यात हे वाक्य मी फार उशिरा शिकलो.

आठ-नऊ महिने तिनं व्यायाम केला, पाच किलो उतरवले. गौरी-गणपतीत पाटावर मांडी घालून शेवटची पूजा केली, ती शेवटची आहे हे तिनंच आधी सगळ्यांना सांगून. मग नोव्हेंबरात उजवा गुडघा केला. फॉर्म इंग्रजी आणि कन्नड. सौ.ला मराठीच नीट येतं. सिस्टर गोकाककडची होती, तिनं आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत ओळन् ओळ सांगितली. सौ.नं दोन ठिकाणी थांबवून विचारलं, एका ठिकाणी सिस्टरनं जाऊन डॉक्टरांना विचारून आणलं. मी जुन्या सवयीनं म्हटलं, खाली 'मराठीत वाचून दाखवला' असं लिहा. सिस्टर म्हणाली, "असं कोण लिहीत नाही हो सर." पण लिहिलं. सौ.नं सही केली, मी खाली साक्षीदार म्हणून.

त्याच आठवड्यात मी माझं आणखी एक काम उरकलं. स्वतः बोलू शकणार नाही अशी वेळ आली तर उपचार कुठवर करायचे आणि कुठं थांबायचं, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. शेजारच्या गोव्यात ३१ मे २०२४ ला न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः असा कागद करून सुरुवात केली. कर्नाटक सरकारनंही ३० जानेवारी २०२५ ला परिपत्रक काढलं. माझा कागद नॉमिनेशनच्या फाईलमध्ये ठेवलाय, मुलांना प्रती दिल्यात. थोरला चिडला, "बाबा, हे कशाला आत्ता?" मी त्याला आजीची गोष्ट सांगितली. त्याला माहीत नव्हती.

सौ.नं तिचा कागद अजून केलेला नाही. डाव्या गुडघ्याचंही ठरवलेलं नाही. विचारलं तर म्हणते, बघू.